जादा फळांचा हिशेब : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील फळटिकवणीची परंपरा आणि महाविद्यालयीन विद्यार्थी

प्रास्ताविक

अन्नाची नासाडी हा विषय गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन उपक्रमांच्या यादीत ठळकपणे दिसू लागला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी बाराव्या उद्दिष्टात, किरकोळ विक्री व ग्राहक या पातळ्यांवरील दरडोई अन्ननासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प आहे. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील जवळजवळ ६० टक्के घराघरांतून गेले. अशा आकड्यांच्या पार्श्वभूमीवर विद्यार्थ्यांनी उरलेली, अतिपक्व फळे गोळा करून त्यांचे जॅम, चटण्या, सरबते करावीत, ही कल्पना आकर्षक वाटते. ती नवी मात्र नाही. ठाणे जिल्ह्यात, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, जादा फळ टिकविण्याची परंपरा दीर्घ आहे आणि तिच्यात बाजार, सरकार व शिक्षणसंस्था यांनी वेळोवेळी हात घातलेला आहे.

प्रस्तुत निबंधात या परंपरेचा मागोवा घेताना एक प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवला आहे. जादा फळ नेमके कोणाचे असते? झाडाच्या मालकाचे, पाटीवालीचे, आडत्याचे की ग्राहकाचे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडात बदलले आहे, आणि ते न तपासता हाती घेतलेला उपक्रम छायाचित्रापुरता उरतो असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

मीठ, ऊन आणि मृग

उत्तर कोकणातील फळांचा हंगाम आणि पावसाळा यांच्यात फार थोडे अंतर असते. करवंदे, आंबा, फणस, जांभूळ ही सारी फळे एप्रिल ते जून या काळात येतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागतो. शेवटचा आंबा आणि पहिला पाऊस बहुधा एकत्रच येतात. त्याआधी वळवाच्या वाऱ्याने कैऱ्यांचा सडा पडतो तो वेगळाच. ही पडीची कैरी पिकत नाही, विकली जात नाही आणि तशीच ठेवली तर चार दिवसांत नासते. जादा फळाचे हे मूळ रूप होय. ते माणसाच्या निष्काळजीपणातून जन्मत नाही, ऋतूच्या घाईतून जन्मते.

या घाईला येथील घरांनी दिलेली उत्तरे परिचित आहेत. कैरीच्या फोडी मीठ लावून उन्हात वाळवल्या की आंबोशी होते. मिठाच्या पाण्यात अख्ख्या कैऱ्या मुरवून त्या वर्षभर वापरता येतात. रायवळ आंब्याचा रस ताटावर पसरून वाळवला की साठे तयार होते आणि फणसाच्या रसाची त्याच रीतीने पोळी होते. फणसाच्या आठळ्या मातीत घालून पावसाळ्यासाठी ठेवल्या जात. मेथांबा, तक्कू, करवंदाचे व भोकराचे लोणचे यांची यादी वाढवता येईल; परंतु यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की यांपैकी बहुतेक कृतींचा पाया मीठ आणि ऊन हा आहे, साखर नव्हे.

याचे कारण स्थानिक अर्थव्यवहारात आहे. ठाण्याची खाडी, भाईंदर, वसई, उरण या पट्ट्यात मिठागरे होती. मीठ जवळचे होते. साखर दूरची आणि महागाची वस्तू होती. म्हणून गोड टिकवणीत गुळांबा सर्वसामान्यांचा आणि साखरेतला मोरांबा सुस्थितीतल्या घरांचा, अशी एक अलिखित उतरंड दिसते. आज विद्यार्थ्यांना फळ टिकवायला सांगितले की ते प्रथम जॅमकडे वळतात. जॅममध्ये अखेरीस विद्राव्य घनपदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण जवळपास दोन-तृतीयांश असावे लागते. त्याशिवाय तो टिकत नाही. वाया जाणारे फळ वाचविण्यासाठी जवळजवळ तितकीच साखर आणि ती आटवण्याइतके इंधन खर्च करणे, हे आपल्या पूर्वजांच्या हिशेबात बसले नसते. आंबोशीला लागते ते मूठभर मीठ आणि वैशाखातले ऊन.

मुद्रित पाकग्रंथांची साक्ष या बाबतीत थोडी फसवी ठरते. मराठीत १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आले आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घराघरांत स्थान मिळवले. या परंपरेचे मोल निर्विवाद आहे. तथापि छापील पाककृती जिन्नसांच्या यादीने सुरू होते. काय आणायचे हे ती सांगते. जादा फळाची पाककला उलट दिशेने चालते. समोर काय पडले आहे येथून ती निघते. त्यामुळे ती ग्रंथांत कमी आणि सासू-सुनांच्या, शेजारणींच्या तोंडी व्यवहारात अधिक राहिली. इतिहासकाराला ती सापडते ती म्हणी, सणांचे पदार्थ आणि आडवळणाने आलेले उल्लेख यांतून.

आगाशीची सुकेळी

असा एक उल्लेख सरकारी कागदांत आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे तेरावा व चौदावा हे खंड ठाणे जिल्ह्याला वाहिलेले आहेत. त्यांत वसई तालुक्यातील आगाशीची नोंद करताना तेथील सुकवलेल्या केळ्यांची ख्याती आवर्जून सांगितली आहे. ही सुकेळी राजेळी जातीच्या केळ्यांची. पूर्ण पिकलेले केळे सोलून कोरड्या ऋतूत कित्येक दिवस उन्हात वाळवायचे, रोज उलटायचे, मऊ व तांबूस झाले की केळीच्याच सुक्या पानात बांधायचे. त्यात साखर नाही, मीठही नाही. राजेळीच्या अंगचा गोडवा पाणी आटल्यावर स्वतःच टिकाऊपणा देतो.

सुकेळीचे महत्त्व दोन कारणांनी आहे. एक तर ती घरगुती साठवणीपुरती राहिली नाही, बाजाराची वस्तू झाली. दुसरे असे की तिच्यामुळे केळीच्या बागायतदाराला ताज्या केळ्याचा भाव पडला तरी माल हातचा जात नसे. जादा फळ बागायतदाराच्या अंगणातच टिकाऊ मालात रूपांतरित होत होते, आणि त्याची किंमतही त्याच्याच घरात येत होती. पुढच्या काळाशी तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. राजेळीच्या बागा पुढे पुष्कळ कमी झाल्या. नागरीकरण हे त्याचे उघड कारण. पण प्रत्येक केळे हाताने सोलून, उलटून, राखण करून वाळवण्याच्या श्रमांना मिळणारा मोबदला हेही एक कारण मानले पाहिजे. ते श्रम प्रामुख्याने स्त्रियांचे होते.

रेल्वे आणि नाशवंतपणाची नवी व्याख्या

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत गेली. पश्चिमेकडील मार्गावर १८६७ पासून विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुरू झाली. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिली. या तारखांचा फळांशी असलेला संबंध आपल्या स्थानिक इतिहासलेखनात पुरेसा मांडला गेलेला नाही. गावात आंबा नासत होता तेव्हा तो गावाचा प्रश्न होता. शहराची मंडई काही तासांच्या अंतरावर आल्यावर ताजे फळ विकणे अधिक किफायतशीर झाले, वाळवण दुय्यम ठरले, आणि ‘जादा’चे ठिकाण अंगणातून फलाटावर व मंडईत सरकले. शहापूर, मुरबाड, कर्जत पट्ट्यातील ठाकूर, कातकरी, वारली स्त्रिया करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजारात बसू लागल्या. पानावर करवंदांचे वाटे लावून विकण्याची ही रीत आजही स्थानकाबाहेर दिसते. संध्याकाळपर्यंत जे विकले जात नाही ते परत नेण्याजोगे नसते. त्याचा तोटा ना झाडाचा, ना ग्राहकाचा, तो पाटीवालीचा.

घाऊक व्यापाराच्या रचनेने हा तोटा अधिकच खाली ढकलला. मुंबईची फळांची घाऊक बाजारपेठ १९९६ मध्ये वाशीला हलली आणि ठाणे-डोंबिवलीच्या किरकोळ विक्रेत्यांचे व्यवहार वाशी व कल्याण या दोन बाजार समित्यांभोवती फिरू लागले. गाळ्यावर माल निवडला जातो, डागी फळ बाजूला पडते, उतरलेला माल शेवटी हातगाडीवर येतो. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात फळे व भाज्यांचे काढणीनंतरचे नुकसान पिकानुसार साडेचार ते सोळा टक्क्यांच्या दरम्यान आढळले. सर्वाधिक, १५.८८ टक्के, पेरूचे होते. हे नुकसान आपल्या स्वयंपाकघरात येण्यापूर्वीचे आहे. केवळ घरच्या फ्रीजमधील उरलेल्या फळांवर लक्ष केंद्रित करणाऱ्या विद्यार्थी-उपक्रमांनी याची दखल घ्यायला हवी.

युद्ध, रेशन आणि सरकारी मुरंबा

मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम देशभर राबवली जाऊ लागली. कल्याणजवळ लष्करी छावणी वसली होती आणि लष्कराच्या पुरवठ्यासाठी डबाबंद व बाटलीबंद फळपदार्थांची मागणी वाढली होती. इंग्लंडमध्ये तर १९४० पासून महिला संस्थांच्या गावोगावच्या केंद्रांना सरकारने खास साखर दिली व परसातल्या जादा फळांचा जॅम हजारो टनांनी तयार करून घेतला. तेथे जादा फळ राष्ट्रीय संपत्ती ठरले. आपल्याकडे साखरच मोजून मिळत असल्याने शहरी मध्यमवर्गीय घरातला मोरांबा आक्रसला. सरकारचे लक्ष मात्र वेगळ्या दिशेने वळले. भारत संरक्षण नियमांखाली १९४६ मध्ये फळपदार्थांविषयीचा आदेश निघाला आणि १९५५ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली तो नव्याने लागू झाला. बाटलीवरची ‘एफपीओ’ ही खूण पुढे अर्धशतकभर घराघरांत ओळखीची होती. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आल्यावर तो आदेश संपुष्टात आला.

या आदेशाने स्वच्छता व प्रमाणीकरण आणले हे निःसंशय. पण परवाना, जागेचे निकष, तपासणी यांमुळे अंगणात सुकवलेले फळ आणि कारखान्यातले फळ यांच्यात एक कायदेशीर भिंतही उभी राहिली. मोठ्या भांडवलाला ती ओलांडता आली. पाचगणीत किशोर व्होरा यांनी १९५९ मध्ये स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून केलेली सुरुवात पुढे मॅप्रो या नावाने विस्तारली. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघातून आलेले ‘नोगा’ हे नाव महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेले. दोन्हीकडे झटकन नासणारे फळ आणि त्या फळाचा प्रदेश ही पार्श्वभूमी होती. ठाणे जिल्ह्यात डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बाबतीत इतक्या वेळेवर तसे घडले नाही. या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, चिकूच्या चकत्या वाळवून विकल्याही जातात. पण तोवर कैक हंगामांतला पिकून मऊ झालेला चिकू मातीमोल गेला होता. चिकूत आम्लता कमी, म्हणून तो आंब्या-करवंदासारखा जॅमला सहज वश होत नाही. वाळवणे हाच त्याचा मार्ग, आणि वाळवणाची विद्या तर शेजारच्या आगाशीत होती.

निर्वासितांची छावणी

कल्याणची लष्करी छावणी १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसली. बराकींमध्ये राहणाऱ्या कुटुंबांनी हाती भांडवल नसताना पापड, लोणची, मिठाया करून विकण्यास आरंभ केला. आपल्या परिसरातील टिकाऊ खाद्यपदार्थांच्या उद्योगाचा विचार करताना बेडेकरांच्या गिरगावातील १९१० च्या दुकानाचे स्मरण होते, १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतचे होते. उल्हासनगरच्या बराकींचे सहसा होत नाही. वस्तुतः स्वस्तातला कच्चा माल, घरचे श्रम आणि गाडीतून होणारी विक्री ही सांगड येथे स्पष्ट दिसते. टिकवणे ही येथे हौस नव्हती, संध्याकाळच्या जेवणाची सोय होती.

विद्यार्थी या कथेत केव्हा येतो

शिक्षणात हाताने काम करण्याचा आग्रह १९३७ च्या वर्धा परिषदेपासून आहे. त्याआधी १९३४ मध्ये वर्ध्यातच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि स्थानिक, बिनखर्चिक अन्नप्रक्रिया हा त्याच्या कामाचा एक भाग होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा रूढ केली. महाराष्ट्रातील ज्या पिढीने शाळेत कार्यानुभवाच्या तासाला लिंबाचे सरबत व टोमॅटोचा सॉस केला, ती आज महाविद्यालयांत अध्यापन करीत आहे. प्रस्तुत वाचकांपैकी अनेकांना तो सॉस आठवत असेल. त्यासाठी टोमॅटो चांगले, ताजे, बाजारातून आणलेले असत, हेही आठवत असेल.

दुसरा प्रवाह गृहविज्ञानाचा. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ चे, बडोद्याची गृहविज्ञान विद्याशाखा १९५० ची. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था त्याच वर्षी सुरू झाली. मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने तृणधान्यांना पर्याय म्हणून फळे, कंद, भाज्या यांचा प्रसार केला आणि १९५४ मध्ये केटरिंगचे शिक्षण देणारी संस्था काढली. टंचाईच्या त्या वर्षांत ‘एक जेवण सोडा’ असे आवाहन होत होते, हा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे अन्नशिक्षण हे राष्ट्रउभारणीचे अंग का मानले गेले ते उमगते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अन्न व पोषण मंडळाने सामुदायिक डबाबंदी केंद्रे चालवली. तेथे गृहिणी व तरुण फळे-भाज्या टिकवण्याचे प्रशिक्षण घेत. १९९३ मध्ये हे मंडळ महिला व बालविकास विभागाकडे गेले आणि केंद्रांचा भर हळूहळू पोषणप्रसाराकडे झुकला. स्वतःचे फळ घेऊन जावे, तेथील यंत्रावर डबाबंद करून आणावे, ही सामुदायिक कल्पना मागे पडली. प्रस्तुत लेखिकेच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. घरोघरी वेगळी भांडी, वेगळे इंधन आणि वेगळा वेळ खर्चण्याऐवजी शहरात असा एक ओटा असणे, ही गोष्ट आज अधिकच गरजेची आहे.

तिसरा प्रवाह विस्तारकार्याचा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाची ‘अन्नपूर्णा योजना’ आपल्या परिसरातील प्राध्यापकांना सुपरिचित आहे. विद्यार्थी पदार्थ तयार करतात, स्टॉल लावतात, जमाखर्च मांडतात, अहवाल सादर करतात. मुलगेही यात आनंदाने सामील होतात, आणि स्वयंपाक हे स्त्रियांचे काम ही समजूत काही तासांपुरती का होईना सैल होते. तथापि या योजनेचा भर उद्यमशीलतेवर आहे. तिचा हिशेब नफ्याचा असतो, वजनाचा नसतो. किती किलो फळ नासण्यापासून वाचले, ते कोठून आले, त्याला काय दिले, शेवटी किती कचऱ्यात गेले, हे रकाने तिच्या वहीत नाहीत. अन्ननासाडीच्या उद्देशाने हीच चौकट वापरायची असेल तर आधी वही बदलावी लागेल.

कचरा आणि न्यायालय

कल्याण-डोंबिवलीत ही वही केवळ शैक्षणिक बाब नाही. १९८३ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराचा कचरा दीर्घकाळ आधारवाडीच्या क्षेपणभूमीवर साचत राहिला. घनकचऱ्याची व्यवस्था नसल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये शहरातील नव्या बांधकामांना मनाई केली. ती सुमारे वर्षभर टिकली. घरातल्या सालीचा आणि बिल्डरच्या इमारतीचा संबंध त्या एका आदेशाने जोडून दाखवला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठा कचरा करणाऱ्या संस्थांवर स्वतःच्या ओल्या कचऱ्याची जबाबदारी टाकली. २०२० पासून महापालिकेने कचरा वर्गीकरणाचा आग्रह धरला आणि २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे थांबले. आता ओला कचरा खताकडे व बायोगॅसकडे जातो. हा निश्चितच प्रगतीचा टप्पा आहे. परंतु खाण्याजोगे केळे खतात जाणे आणि आधारवाडीत जाणे, यांत केळ्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

डागी फळाचे गिऱ्हाईक

२०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. जादा फळांचा स्वयंपाक हा अशा प्रकल्पाला साजेसा विषय आहे. मात्र येथे एक धोका आहे, आणि त्याची चर्चा आपल्या विभागीय बैठकांतून होताना दिसत नाही.

संध्याकाळी साडेसात-आठनंतर कल्याण किंवा डोंबिवली स्थानकाबाहेर थोडा वेळ उभे राहिल्यास डागी केळी, मऊ चिकू, दबलेले पेरू यांचे वाटे अर्ध्या-पाव दराने जाताना दिसतात. हे फळ वाया जात नसते. ते घेणारी माणसे ठरलेली असतात : घरकाम करून परतणाऱ्या बाया, नाक्यावरचे मजूर, एकट्याने राहणारे कामगार. पूर्ण भावाचे फळ त्यांच्या आवाक्यात नसते. डागी फळ हेच त्यांच्या घरातले फळ. महाविद्यालयाने सद्हेतूने हा माल एकगठ्ठा उचलला, त्याचा जॅम केला आणि तो प्राध्यापक-पालकांना विकला, तर नासाडी कमी होत नाही. फळ एका ताटातून उचलून दुसऱ्या ताटात वाढले जाते, आणि वर त्यात साखर पडते. विक्रेतीकडून ते फुकट मागणे तर सर्वथा गैर. अखेरच्या तासाच्या विक्रीवर तिचा दिवस भरून निघत असतो.

म्हणून डागी आणि टाकाऊ यांतील भेद विद्यार्थ्यांना आधी शिकवावा लागेल. साल काळी पडलेले केळे, एका बाजूने दबलेला पेरू, सुरकुतलेला चिकू हे डागी. बुरशी धरलेले, आंबूस वास येणारे, पाणी सुटलेले फळ हे टाकाऊ. तेवढा भाग कापून उरलेले शिजवावे हा मोह टाळावा, कारण मऊ फळात बुरशीचे विष दिसणाऱ्या डागापलीकडे पसरलेले असू शकते व सारेच विष उकळण्याने जात नाही. ही काळजी घेतल्यावरही प्रश्न उरतो की कोणाच्याही ताटातले नसलेले, तरी खाण्याजोगे, असे फळ मिळेल कोठे?

आपल्या परिसरात अशी दोन ठिकाणे निश्चित आहेत. पहिले म्हणजे झाडे. जुन्या डोंबिवलीतील बंगल्यांची, ठाण्यातील वाड्यांची जागा गृहसंकुलांनी घेतली, तरी आवारांत आंबा, जांभूळ, फणस, बिलिंबी अजून उभी आहेत. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे; त्याच जातकुळीची जांभळे आपल्या पदपथांवर चिरडली जातात आणि सोसायटीच्या सभेत त्यांच्या डागांची तक्रार होते. अडचण वेळापत्रकाची आहे. करवंद, कैरी, जांभूळ यांच्या ऐन भरात महाविद्यालये परीक्षांत किंवा उन्हाळी सुट्टीत असतात आणि नवे वर्ष सुरू होईतो मृग बरसू लागलेला असतो. वाळवणाचे दिवस संपलेले असतात. या फळांसाठी प्रकल्प मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे एप्रिलातच सोपवावा लागेल, आणि त्याचे श्रेयांक कोणत्या सत्रात धरायचे हे अभ्यासमंडळाला ठरवावे लागेल.

दुसरे ठिकाण सत्राच्या मध्यावर येते. गणेशोत्सवात घरोघरी, मंडळांत पाच फळे आणि केळ्यांचे घड पूजेत येतात. भाद्रपदातल्या दमट हवेत केळे दोन-तीन दिवसांत काळे पडते आणि विसर्जनाच्या रात्री निर्माल्याबरोबर कलशात जाते. हे फळ कोणाच्या स्वस्त खरेदीतले नाही, कोणा विक्रेतीच्या तोट्यातले नाही. त्याची पूर्ण किंमत मोजून झालेली आहे. पावसामुळे ते सुकेळीसारखे वाळवता येत नाही, पण केळ्याचा हलवा, शिकरण, पुऱ्या, घारगे करून त्याच दिवशी प्रसाद म्हणून वाटता येतात. त्यासाठी टिकवण्याची, बाटलीची, परवान्याची गरज नाही. गरज आहे ती दीड, पाच व सात दिवसांच्या विसर्जनांच्या सकाळी मंडळांकडे जाऊन फळे निर्माल्यापासून वेगळी मागणाऱ्या, आणि त्यांचे वजन वहीत लिहिणाऱ्या, दहा-बारा विद्यार्थ्यांची. त्या दिवसांत महाविद्यालयाला सुट्टी असते, हे मात्र येथेही खरे आहे.